मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती?



कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलावे, अशी रीत आहे. आज मी विमानप्रवासावर बोलणार आहे. विषय माझा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण एका चुकीमुळे तो मला अभ्यासावा लागला. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी, जानेवारी महिन्यात, आमच्या संघटनेतला एक जुना हमाल पहाटे वारला. आयुष्यभर त्याने रावेरच्या स्टेशनवर केळीचे घड वाहिले आणि मुलाला शिकवले. मुलगा न्यूयॉर्कजवळ नोकरीला होता. तो एकुलता एक. मंगळवारी सकाळी सहा वाजता फोन लागला. तो म्हणाला, "मी निघतो. माझ्यासाठी थांबा." घरची मंडळी माझ्याकडे वळली. हिशेब करणारा म्हणून गावात माझे नाव. मी म्हणालो, "विमानाला चौदा तास, मुंबईहून इथे यायला आठ. बावीस तास झाले. उद्या पहाटे चारला पोरगा दारात असेल."

बर्फाच्या लाद्या आणल्या. बुधवारची पहाट झाली, सकाळ झाली, ऊन चढले. मुलगा आला नाही. दुपारी बाराच्या सुमारास वडीलधाऱ्यांनी निर्णय घेतला आणि पुतण्याने अग्नी दिला. मुलगा रात्री अकरा वाजता पोहोचला. तो मला काही बोलला नाही. पण त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी विचारले, "भाऊ, अमेरिका किती लांब हाये? तुम्ही तर बावीस तास म्हणले होते."

या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

अंतर

रावेरहून मुंबई किती लांब, असे विचारले तर रेल्वेचा माणूस सांगेल, सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. पण नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर चारशेच्या आसपास भरते. रुळांना घाट चढावा लागतो, नद्या ओलांडाव्या लागतात, मधली गावे घ्यावी लागतात. म्हणून रूळ वाकतात. आकाशात घाट नाहीत, तेव्हा विमान सरळ जात असेल, असे आपण धरून चालतो. पण सरळ म्हणजे काय, हे गोल पृथ्वीवर ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडा. रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून आणि अटलांटिक महासागरावरून जाते. त्या रेघेने गेलात तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतात. आता पृथ्वीचा गोल घ्या. मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर बोट ठेवून मध्ये शिवणाचा दोरा ताणून धरा. दोरा अरबस्तानाकडे वळतच नाही. तो उत्तरेकडे चढतो, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया ओलांडतो, रशियात सेंट पीटर्सबर्गजवळून जातो, आइसलँडच्या बाजूने उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ पोहोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून खाली उतरतो. हा दोरा मोजला तर 12,500 किलोमीटर भरतो. म्हणजे नकाशावर वाकडी दिसणारी वाट सरळ दिसणाऱ्या वाटेपेक्षा 1,700 किलोमीटरने जवळची. विमानाच्या वेगाने हा जवळजवळ दोन तासांचा फरक झाला.

यात जादू काही नाही. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. मर्केटरने तो 1569 साली काढला, तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकता यावे, ही त्याची सोय. त्या सोयीसाठी त्याने उत्तरेकडचे प्रदेश ताणून मोठे केले. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. नकाशा खोटा नाही. तो दुसऱ्या कामासाठी केलेला आहे. हत्यार ज्या कामाचे, त्या कामाला वापरावे, हे कारागिराला सांगावे लागत नाही.

हे 12,500 किलोमीटर येतात कुठून, तेही पाहू. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. हा आकडा इतका गोळाबेरीज कसा, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर असे की, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर ठरवला तोच पृथ्वीवरून. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, अशी व्याख्या केली. तेव्हा पाव घेर एक कोटी मीटर, म्हणजे 10,000 किलोमीटर. पूर्ण घेर त्याच्या चौपट. घेराचे 360 अंश. 40,000 ला 360 ने भागा, एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर येतात. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणांपासून पृथ्वीच्या मध्यापर्यंत रेघा काढल्या तर त्यांच्यात 112.7 अंशांचा कोन होतो. त्याला 111 ने गुणा. उत्तर 12,500 च्या घरात येते. मुंबई–लंडनचा कोन 64.9 अंश; म्हणून ते अंतर 7,200 किलोमीटर.

पण दोरा ताणायला कोणाची परवानगी लागत नाही, विमानाला लागते. आकाशावर कुंपण दिसत नसले तरी ते आहे. 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या घटनेनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना वाट नाकारली. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने पुन्हा भारतीय कंपन्यांची विमाने अडवली, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. पृथ्वी तीच, शहरे तीच. पण दोन राज्यकर्ते भांडले की अंतर वाढते. गल्लीतला रस्ता बंद झाला की बैलगाडीवाल्याला वळसा पडतो, तसेच हे.

वारा

विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरा. 12,500 ला 900 ने भागले तर चौदा तासांना थोडे कमी येतात. पण वेळापत्रकात मुंबईहून जाताना साडेपंधरा-सोळा तास दिसतात, आणि येताना चौदा-साडेचौदा. वाट तीच, विमान तेच, मग जाण्यायेण्यात फरक का?

तापीला पूर असताना पाण्यात नाव घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. प्रवाहाबरोबर नाव धावते, प्रवाहाविरुद्ध रेंगाळते. आकाशातही अशा नद्या आहेत. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या दोहोंच्या फरकामुळे हवा हलते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. हिवाळ्यात तापमानाचा फरक मोठा, म्हणून वाराही जोराचा. ताशी दोनशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे वारे तिथे नवलाचे नाहीत. विमान नेमके त्याच उंचीवर उडते.

पुष्कळांची समजूत अशी असते की, पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे. हे बरोबर नाही. हवाही पृथ्वीबरोबर फिरते. धावत्या गाडीच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, तशातलेच ते.

जाताना गेले ते येताना परत मिळते, असेही समजू नये. मुंबई–लंडनचे 7,200 किलोमीटर घ्या. वारा नसता तर ताशी 900 ने जायला आठ तास, यायला आठ तास, एकूण सोळा. आता वाटेत सर्वत्र ताशी 100 किलोमीटरचा वारा आहे असे धरा. जाताना वेग 800, म्हणून नऊ तास. येताना वेग 1,000, म्हणून सात तास बारा मिनिटे. बेरीज सोळा तास बारा मिनिटे. बारा मिनिटे कुठे गेली? विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. म्हणजे त्रास सोसायचा काळ लांब आणि सुखाचा आखूड. संसाराचा हिशेबही असाच असतो, असे एक म्हातारा मला म्हणाला. मी गणितापुरते बोलतो.

घड्याळ

आता तिसरी अडचण. हिवाळ्यात मुंबईहून रात्री दोनला विमान निघाले आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला उतरले, असे तिकिटावर लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, पाच तासांत पोहोचले! येताना सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. म्हणजे साडेचोवीस तास? दोन्ही हिशेब चुकीचे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. कारण ते लोक उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. जाताना पाचमध्ये साडेदहा मिळवा, साडेपंधरा येतात. येताना साडेचोवीसमधून साडेदहा वजा करा, चौदा उरतात.

पृथ्वी चोवीस तासांत 360 अंश फिरते, तासाला 15 अंश, चार मिनिटांना एक अंश. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची, ते मिर्झापूरजवळून जाते. रावेर शहात्तर अंशांवर. साडेसहा अंशांचा फरक, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात.

हा फरक पंडितांपुरता राहत नाही. मुंबईची जुनी वेळ ग्रिनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटे होती. प्रमाणवेळ आली ती साडेपाच तास पुढची. म्हणजे घड्याळे 39 मिनिटे पुढे गेली. 1906 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध दंगा केला. लोक त्यांना अडाणी म्हणाले. पण विचार करा. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने सहाला वाजला, तर जुन्या घड्याळाने पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली असणार. ज्याला अंधारात चाळीतून निघायचे होते, त्याला ही 39 मिनिटे सूर्यावरून कळत होती. घड्याळ कोणी लावायचे, हा प्रश्न त्याने विचारला, आणि तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

थांबे

1913 साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले, ते आगबोटीने. त्या प्रवासाला आठवडे लागत. 1929 साली लंडन–कराची ही विमानाची टपाल व उतारू वाहतूक सुरू झाली, तिला सात दिवस लागत. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी एका छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले, कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले आणि 10 जूनला लंडनला पोहोचले. त्यात 35 उतारू होते. 1960 च्या मे महिन्यात बोइंग 707 जेट विमानाने हीच सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत गेली. आणि 2008 च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाचे विमान मुंबईहून न थांबता न्यूयॉर्कला जाऊ लागले.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 1960 चे जेट विमान आणि आजचे विमान यांच्या वेगात फारसा फरक नाही. दोन्ही ताशी 900 च्या आसपास. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,060 किलोमीटर असतो, आणि त्याच्या जवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो, इंधन बेसुमार जळते. कॉनकॉर्ड विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई. 1976 ते 2003 ते उतारू घेऊन उडाले आणि मग परवडेना म्हणून बंद झाले. मग साठ वर्षांत वेळ वाचला तो कशाने? थांबे काढल्याने. भुसावळहून निघणारी पॅसेंजर आणि मेल यांचा कमाल वेग फार वेगळा नसतो. पॅसेंजर प्रत्येक स्टेशनला उभी राहते, मेल राहत नाही. एकदा थांबा काढला की उतरणे, इंधन भरणे, पुन्हा चढणे, सारे वाचते.

पण थांबा काढला की आणखी एक गोष्ट निघून जाते, ती म्हणजे विसावा. पूर्वी लंडनला वैमानिक बदलत. सोळा तास न थांबता जायचे तर विमानात चार वैमानिक न्यावे लागतात. दोघे चालवतात, दोघे आत झोपतात. हवाईसेविकांच्याही झोपेच्या पाळ्या लावतात. उताऱ्याच्या तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. चालकांचा दिवस त्याच्या आधीच, हजेरी लागल्यावर सुरू होतो. आणि जमिनीवर सामान चढवणारा, इंधन भरणारा, डबा धुणारा यांचा वेळ तर कोणत्याच तिकिटावर छापलेला नसतो.

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 च्या जानेवारीत नवे नियम काढले. वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्री विमान उतरवण्याच्या संख्येवर कडक मर्यादा घातली. ते 2025 च्या जुलैत आणि नोव्हेंबरात दोन टप्प्यांनी लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नियमाप्रमाणे विश्रांती देऊन विमाने चालवायला तिच्याकडे पुरेसे वैमानिक नव्हते. मग काही नियम तात्पुरते सैल करण्यात आले. विमानतळांवर लोक अडकले, त्यांचे हाल झाले, त्यांचा संताप खरा होता. पण विश्रांतीमुळे विमाने थांबली, असे म्हणणे मला मान्य नाही. माणसे कमी ठेवून वेळापत्रक छापले, म्हणून ती थांबली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती 10 जून 1890 रोजी मान्य झाली. 1974 च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, त्यातली एक मागणी आठ तासांच्या दिवसाची होती. भुसावळच्या कित्येक घरांत त्या संपाच्या आठवणी आहेत. गिरणी असो, इंजिन असो की विमान असो, प्रश्न एकच: माणसाचा वेळ कुठून कुठपर्यंत मोजायचा? आमचा हमाल केळीची वाघीण लागेपर्यंत फलाटावर बसून असतो. मजुरी मिळते भरलेल्या मालाची. बसला तो वेळ कोणाचा? मालक म्हणतो, काम नव्हते. पण तो घरी गेलेला नसतो, दुसऱ्या कामाला गेलेला नसतो. वाट पाहणे हेही काम आहे.

हिशेब पुन्हा

आता माझ्या चुकीकडे येतो. रावेरात मंगळवारी सकाळचे सहा म्हणजे न्यूयॉर्कला सोमवारी संध्याकाळचे साडेसात. त्या रात्रीचे विमान त्याला मिळाले नाही. पुढचे थेट विमान मंगळवारी सकाळी अकराला, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला. ते हलले तेव्हाच आपले साडेपंधरा तास गेले होते. मी ते धरलेच नाहीत. त्यापुढे चौदा तास उड्डाणाचे. बुधवारी साडेअकराला मुंबई. बाहेर पडायला दीड तास, एक वाजला. मग मोटारीने दहा तास. रात्रीचे अकरा. एकूण एकेचाळीस तास. विमान मुंबईला टेकले, त्याच सुमारास आम्ही इथे बापाला खांद्यावर घेतले होते.

मी चौदा तास बरोबर सांगितले होते. अंतर बरोबर, वेगही बरोबर. चुकले ते एवढेच, की मी फक्त विमान चालत असतानाचा वेळ मोजला आणि माणूस वाट पाहत असतानाचा वेळ सोडून दिला. जन्मभर हमालांच्या वतीने मालकांशी ज्या मुद्द्यावर भांडलो, तोच मुद्दा हमालाच्या घरचा हिशेब करताना मी विसरलो.

आज आपल्या तालुक्यातली मुले पुण्याला आहेत, दुबईला आहेत, अमेरिकेला आहेत. अशी वेळ पुढे कोणाच्याही घरी येईल. तेव्हा माझी विनंती एवढीच. किती तास लागतात, असे विचारू नका. पुढचे विमान केव्हा आहे, ते आपल्या घड्याळाने केव्हा निघते, तिथून दारापर्यंत किती, असे तीन प्रश्न विचारा आणि तिन्हींची बेरीज करा. मग थांबायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवावे. पण ठरवताना त्यांच्यापुढे खरा आकडा असावा.

त्या माउलीला मी नंतर जाऊन सांगितले, "आई, अमेरिका एकेचाळीस तास लांब आहे." ती म्हणाली, "मग एवढं तर आम्ही थांबलो असतो, भाऊ."